फेस पेंटिंगचा सराव कोणावर करायचा? आधी स्वतःवर!



फेस पेंटिंगचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न सारखा येतोय. "मॅडम, किट घेतलं, डिझाइन वहीत काढून काढून पाठ झाली, पण सराव कोणावर करू? घरात लहान मूल नाही." दुसऱ्या बाजूने, "घरात मूल आहे, पण दोन मिनिटं एका जागी बसत नाही." दोघांनाही माझं उत्तर एकच आहे. स्वतःवर करा. व्हिडिओत मी हात कसा फिरवायचा ते दाखवलं, पण का तसा फिरवायचा हे सांगायला वेळ पुरला नाही. ते इथे निवांत सांगते.

आधी माझीच फजिती ऐका. माझी पहिली ऑर्डर वाढदिवसाची होती. तीस मुलं, वेळ दोन तास. त्याआधी महिनाभर मी ड्रॉइंग पेपरवर वाघ, फुलपाखरू, स्पायडर असं सगळं गिरवलं होतं. कागदावरचा वाघ बघून घरचे म्हणाले होते, आता तू तयार. तिथे गेले आणि पहिल्याच मुलाच्या गालावर केशरी रंग लावताना कळलं की कागदाला घाम येत नाही, कागद हसत नाही आणि कागदाला गुदगुल्याही होत नाहीत. एका वाघाला बारा मिनिटं लागली. तुम्हीच हिशेब करा, तीस मुलं गुणिले बारा मिनिटं म्हणजे तीनशे साठ मिनिटं, सहा तास! मी दोन तास कबूल करून बसले होते. मग घाई केली. घाईत पिवळ्यावर जांभळा गेला आणि फुलपाखराचे पंख चिखलासारखे झाले. जिचा वाढदिवस होता ती मुलगी आरशात बघून आईला म्हणाली, "आई, हे फुलपाखरू आजारी आहे का?"

त्या बाईंनी पूर्ण पैसे पुढे केले. मी निम्मेच घेतले. परतीच्या लोकलमध्ये किटची बॅग मांडीवर घेऊन बसले होते आणि डोक्यात एकच विचार, हे किट आता विकावं की ठेवावं. ठेवलं. दुसऱ्या दिवशीपासून रात्रीची भांडी आवरली की अर्धा तास स्वतःच्या हातावर आणि तोंडावर रंग लावायला सुरुवात केली. पुढे जे काही शिकले ते या अर्ध्या अर्ध्या तासात.

स्वतःवर सराव करणं ही काही माझी आयडिया नाही हो. सिंधुदुर्गात दशावतार बघितला असेल तर आठवा. प्रयोगाच्या आधी प्रत्येक कलाकार आपली पेटी उघडून, समोर छोटा आरसा ठेवून स्वतःचा चेहरा स्वतःच रंगवत बसलेला असतो. केरळात कथकलीचा नटही तोंडावरच्या मुख्य रेषा आधी स्वतः काढतो, मग आडवा होतो आणि चुट्टी करणारा कलाकार पुढचं काम करतो. आपल्याला नाटक करायचं नाही, पण ज्याला स्वतःच्या चेहऱ्याचे चढउतार बोटांना पाठ आहेत, त्याचा हात दुसऱ्याच्या चेहऱ्यावर अडखळत नाही.

एक सावधगिरी मात्र इथेच सांगते, कारण "पारंपरिक रंग वापरू का" असंही काही जणांनी विचारलंय. कथकलीतला जुना पिवळा म्हणजे हरताळ, त्यात आर्सेनिक असतं. लाल म्हणजे हिंगूळ, त्यात पारा. पारंपरिक म्हणजे सुरक्षित असं अजिबात समजू नका. लहान मुलांच्या तोंडाला तर लांबूनही नको.

रंग कोणता, एवढंच आधी

खरेदीवर वेगळा व्हिडिओ आहे, म्हणून इथे थोडक्यात. चेहऱ्यासाठी बनवलेले, पाणी लावून वापरायचे केक रंगच घ्यायचे. पोस्टर कलर, ॲक्रिलिक, फॅब्रिक पेंट यांवर कितीही मोठ्या अक्षरात "नॉन टॉक्सिक" लिहिलेलं असलं तरी ते त्वचेसाठी नाहीत. नॉन टॉक्सिक म्हणजे कागदावर वापरायला धोका नाही. गालावर दोन तास ठेवायला चालतो असा त्याचा अर्थ नाही.

भारतात सौंदर्यप्रसाधनांना २०२० चे कॉस्मेटिक्स नियम लागू आहेत. त्यामुळे डबी उलटी करून बघायची सवय लावा. बॅच नंबर, वापरायची मुदत, कशापासून बनवलंय त्याची यादी आणि बनवणाऱ्याच्या परवान्याचा नंबर हवा. बाहेरून आलेला माल असेल तर आयातदाराचं नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक हवा. क्रायोलान, मेहरॉन, स्नाझारू ही नावं तुम्ही ऐकली असतील, पण नुसतं नाव बघून भुलू नका. लेबल बघा. दुकानदार म्हणाला "सगळे हेच नेतात", तर त्याला म्हणा, नेऊ देत.

ग्लिटरचंही तेच. क्राफ्टच्या दुकानातली चमकी चेहऱ्यावर नको. तिचे तुकडे मोठे आणि कडा धारदार असतात, डोळ्यात गेली तर बुबुळाला ओरखडा पडू शकतो. कॉस्मेटिक ग्लिटरच घ्यायचं.

नवीन रंग आला की पहिला प्रयोग स्वतःवर. कोपराच्या आतल्या बाजूला, जिथे कातडी नाजूक असते, तिथे प्रत्येक रंगाचा रुपयाएवढा ठिपका लावा. काही तास राहू द्या, धुवा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत लक्ष ठेवा. लाल झालं, खाज आली, पुरळ उठलं तर तो रंग बाजूला. तुम्हाला काही झालं नाही म्हणजे कोणालाच होणार नाही असं नव्हे, त्यामुळे पार्टीत आईवडिलांना ॲलर्जीबद्दल विचारायचंच. पण जो रंग तुम्ही स्वतः लावून बघितला नाही तो दुसऱ्याच्या पोराला लावायचा नाही. हा माझा नियम आहे आणि त्यात सूट नाही.

हात, गुडघा आणि मग तोंड

बरेच जण थेट आरशासमोर बसतात आणि पहिल्याच दिवशी वैतागतात. तसं करू नका. पहिला आठवडा चेहऱ्याला हातच लावायचा नाही.

सुरुवात डाव्या हाताच्या मनगटापासून कोपरापर्यंत, डावरे असाल तर उजव्या हातावर. ही सपाट जागा आहे, इथे रेषा आणि थेंब गिरवायचे. राउंड ब्रश घ्या, टोक टेकवा, हळूहळू दाबा आणि उचलत उचलत सोडा. टोकाला बारीक, पोटात जाड, पुन्हा बारीक. पाकळी, पान, वाघाचा पट्टा, फुलपाखराची मिशी, सगळं याच एका हालचालीतून निघतं. ज्यांनी मेंदीचा कोन धरलाय किंवा रांगोळीची रेघ चिमटीतून सोडलीय त्यांना हे लवकर जमेल, कारण दाब कमीजास्त करणं त्यांच्या बोटांना माहीत असतं. फरक एवढाच की मेंदीत कोन कातडीच्या वर राहतो आणि इथे ब्रश टेकतो. म्हणून करंगळी टेकवून ठेवायची. चेहऱ्यावर काम करतानाही करंगळी गालाला किंवा हनुवटीला टेकलेली असली की हात थरथरत नाही आणि पोराने मान हलवली तर हातही बरोबर हलतो.

मग गुडघा. हसू नका! खुर्चीवर बसा, गुडघा वाकवा आणि बघा. गोल आहे, उंचवटा आहे, कडेला उतार आहे, अगदी लहान मुलाच्या गालासारखा. त्यातही महत्त्वाची गोष्ट म्हणजे गुडघा तुमच्या समोर असतो. स्वतःच्या तोंडावर ब्रश स्वतःकडे येतो, तर समोरच्या मुलावर तो तुमच्यापासून लांब जातो. म्हणजे नुसता आरशात सराव केलात तर हाताला उलटी सवय लागते. गुडघ्यावर ती सुलटी लागते. शिवाय दोन्ही हात मोकळे राहतात, एका हातात ब्रश, दुसऱ्यात रंगाची डबी. गालावर काढायची छोटी डिझाइन, फूल, इंद्रधनुष्य, मासा, सगळी मी गुडघ्यांवरच पक्की केली.

रंग एकमेकांत कसे मिसळायचे

आता मुख्य विषयावर येते. पैसे मिळतात ते इथे. रेषा थोडी वाकडी गेली तर आईबापांना कळत नाही, पण रंग गढूळ झाला तर लांबून फोटोतही दिसतो.

आधी माझ्या त्या आजारी फुलपाखराचं कारण समजून घ्या. लाल, पिवळा, निळा हे तीन मूळ रंग. यातले दोन मिसळले की स्वच्छ तिसरा मिळतो, पिवळा आणि लाल मिळून केशरी, पिवळा आणि निळा मिळून हिरवा. पण तिन्ही एकत्र आले की मातकट होतं. आता जांभळा म्हणजे काय? लाल आणि निळा. त्यावर पिवळा गेला की तिन्ही जमले आणि झाला चिखल. लाल आणि हिरव्याचंही तेच, कारण हिरव्यात पिवळा आणि निळा आधीच बसलेले आहेत. केशरी आणि निळा, तीच गोष्ट. म्हणून पंधरा ऑगस्टला गालावर तिरंगी पट्टे काढताना मधला पांढरा कोरडा आणि पुरेसा रुंद ठेवायचा, नाहीतर केशरी आणि हिरवा एकमेकांना शिवले की तपकिरी डाग दिसतो.

मग पिवळा आणि जांभळा एकाच पंखावर हवाच असेल तर? मध्ये शेजारी बसवा. पिवळ्याशेजारी केशरी, केशरीशेजारी गुलाबी, गुलाबीशेजारी जांभळा. प्रत्येक रंग फक्त आपल्या शेजाऱ्यात मिसळतो, लांबच्याची गाठच पडत नाही. संध्याकाळचं आकाश बघा, तिथे हाच क्रम दिसेल.

आणखी एक गंमत. बाजारातला बराचसा लाल हा केशरीकडे झुकणारा असतो. त्यात पिवळ्याचा अंश असतो म्हणून निळ्यात मिसळला की जांभळा मळकट येतो. तुम्ही म्हणता रंग खराब निघाला. रंग खराब नाही, जोडी चुकली. निळ्याबरोबर गडद गुलाबी वापरा, राणी कलर म्हणतो ना आपण, तो. जांभळा एकदम स्वच्छ निघेल. विश्वास बसत नसेल तर आज रात्री हातावर दोन्ही शेजारी शेजारी करून बघा.

आता स्पंज. स्पंज ओला नसतो, ओलसर असतो. हा एवढा फरक ज्याला कळला त्याचं अर्धं काम झालं. स्पंज पाण्यात बुडवायचा नाही. स्प्रेच्या बाटलीने रंगाच्या केकवर एक-दोन फवारे मारायचे आणि स्पंज त्यावर आठ-दहा वेळा गोल फिरवायचा. मग हाताच्या मागच्या बाजूला टेकवून बघा. ओघळ आला तर पाणी जास्त. कातडी चट्ट्यापट्ट्यांनी दिसली तर रंग कमी. ब्रशसाठी रंग जरा पातळ लागतो, ताज्या सायीसारखा. ब्रशवर बुडबुडे दिसले की समजा पाणी जास्त झालंय आणि रंग नीट घोळला गेला नाही.

लावताना घासायचं नाही, थोपटायचं. बाळाला झोपवताना थोपटतो तेवढ्याच जोराने. घासलं की खालचा थर उचलला जातो आणि रेघोट्या उमटतात.

हातावर हा सराव रोज करा. मनगटाजवळ पिवळा थोपटा, कोपराजवळ लाल, मध्ये दोन बोटं जागा मोकळी. आता पिवळ्याच्या स्पंजने त्या मोकळ्या जागेत येत येत लालच्या कडेपर्यंत जा आणि सीमेवर हलके हलके थोपटत राहा. केशरी आपोआप तयार होईल आणि कुठे पिवळा संपला ते सांगता येणार नाही. सीमा मिटवायची ती फिक्या रंगाच्या स्पंजने, गडद रंगाच्या नाही. गडद स्पंज पिवळ्यात शिरला की सगळं खाऊन टाकतो. स्वयंपाकात मीठ कमी पडलं तर घालता येतं, जास्त पडलं तर काढता येत नाही, तसंच गडद रंगाचं. फिका आधी, गडद मागून, थोडा थोडा. आणि एक रंग एक स्पंज. पिवळ्याचा स्पंज सीमेवर मळला की त्याची बाजू बदला, तोच तसा पिवळ्या केकवर परत फिरवू नका, नाहीतर अख्खा केक केशरी होईल.

बेस झाला की थांबायचं. नवशिक्यांना हेच जमत नाही. बेस ओला असताना काळी रेघ ओढली की ती शाई फुटल्यासारखी पसरते. बोटाच्या मागच्या बाजूने हलकं टेकवून बघा, रंग बोटाला आला तर अजून ओला आहे. कोकण किनाऱ्याला, मुंबईत, पावसाळ्यात तर हा वेळ वाढतोच. त्याचं कारणही आहे. काही केक रंगांत ग्लिसरीन जास्त असतं आणि ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढून घेतं. असे रंग बेससाठी छान, मऊ आणि लवकर मिसळणारे, पण दमट हवेत चिकट राहतात. काही रंगांत मेण जास्त असतं, ते घट्ट असतात, रेघ कडक येते आणि घामात जरा जास्त टिकतात. म्हणून अनुभवी लोक बेस एका प्रकारचा आणि रेषेचा काळा-पांढरा दुसऱ्या प्रकारचा ठेवतात. नागपूरच्या उन्हाळ्यात तुम्हाला वेगळा अनुभव येईल, तिथे रंग डबीतच वाळतो. तुमच्या गावच्या हवेत तुमचा रंग कसा वागतो हे दुसरं कोणी सांगू शकत नाही, तुमचा हातच सांगेल.

पांढऱ्या रेषेचं वेगळं दुखणं. हे रंग पाण्याने पुन्हा जिवंत होतात. गडद निळ्यावर पांढरी रेघ काढताना ब्रशमधलं पाणी खालचा निळा सोडवतं आणि पांढरा राखाडी दिसायला लागतो. उपाय हाच की पांढरा घट्ट घ्यायचा, रेघ एकदाच ओढायची, वरून दुसऱ्यांदा गिरवायचं नाही. चुकली तर चुकली. वाघाच्या मिशा कोणी मोजत नाही.

आपल्या वर्णाबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. परदेशी व्हिडिओ बघून आपण तोच पिवळा आपल्या हातावर लावतो आणि तो फिका, हिरवट दिसतो. मग वाटतं आपल्याला जमत नाही. गव्हाळ किंवा सावळ्या कातडीवर पातळ पिवळा उठत नाही, एवढंच. खाली पांढऱ्याचा पातळ हात द्या, पूर्ण वाळू द्या, मग पिवळा लावा. पांढरा ओला राहिला तर सगळे रंग दुधाळ होतील. याउलट गडद निळा, मोरपंखी, राणी, सोनेरी हे रंग सावळ्या कातडीवर जे खुलतात ते गोऱ्या कातडीवर खुलत नाहीत, आणि त्यांना काळ्याऐवजी पांढरी किनार द्या, डिझाइन उठून येतं. पोराचा वर्ण झाकायला जाऊ नका, त्याला शोभेल असा रंग निवडा.

आता आरशासमोर

दुसऱ्या आठवड्यापासून चेहरा. दिवसाच्या उजेडात, खिडकीकडे तोंड करून बसा. ट्यूबलाइटखाली रंग वेगळे दिसतात. आरसा हातात धरायचा नाही, डब्याला टेकवून ठेवा. केस मागे घट्ट बांधा.

वाघापासून सुरुवात करा, कारण चुका लपतात. नाक आणि गालाचा मधला भाग पिवळा, कडेने केशरी, तोंडाभोवती आणि भुवयांच्या वर पांढरा, वाळल्यावर काळे पट्टे. एक बाजू पूर्ण करून मग दुसरी घेऊ नका. इकडे थोडं, तिकडे थोडं असं दोन्ही बाजूंनी बरोबर चला. नाहीतर पहिली बाजू मन लावून होते आणि दुसरी उरकली जाते. स्वतःवर करताना एक बाजू सोपी जाते आणि दुसऱ्या बाजूला आपलाच हात आरशासमोर येतो. तिथे आरसा सरकवा, मान वाकडी करू नका.

झालं की फोटो काढा, पण मागच्या कॅमेऱ्याने. सेल्फीत स्क्रीनवर आपण आरशासारखे उलटे दिसतो आणि त्या चेहऱ्याची डोळ्याला सवय असते, तिरकेपणा कळत नाही. मागच्या कॅमेऱ्याचा फोटो बघा आणि फोन उलटा करून, म्हणजे डोकं खाली ठेवून पुन्हा बघा. कुठला डोळा मोठा झालाय ते लगेच दिसेल.

पण स्वतःच्या तोंडावर करण्याचा सगळ्यात मोठा फायदा वेगळाच आहे. ब्रश डोळ्याजवळ आला की कसं वाटतं, हे तुम्हाला कळतं. गार स्पंज अचानक कपाळाला लागला की मी स्वतः दचकले होते. नाकपुडीच्या कडेला ब्रश गेला की शिंक येते. खालच्या पापणीजवळ काम करताना वर बघितलं की डोळा फडफडत नाही. डोळे घट्ट मिटले की सुरकुत्या पडतात आणि उघडल्यावर तिथे रंगाच्या फटी दिसतात, म्हणून मी मुलांना "डोळे मिट" न म्हणता "झोपल्यासारखे हळूच मिट" म्हणते. आधी स्पंज पोराच्या हाताला लावते, "गार आहे बघ, आता गालाला लागणार हं." हे मला कोणत्या कोर्सने शिकवलं नाही, माझ्याच तोंडाने शिकवलं.

मग तो चेहरा लगेच धुऊ नका. दोन तास तसाच ठेवा. पोळ्या लाटा, चहा प्या, फोनवर बोला, हसा. दोन तासांनी पुन्हा फोटो. ओठांभोवती गेलं का? हसताना गालावर तडे गेले का? तडे गेले म्हणजे थर जाड झाला. कपाळावर विरघळलं म्हणजे घामाने हरवलं. पार्टी दोन-तीन तासांची असते आणि केक कापताना काढलेले फोटोच तुमची जाहिरात असतात. मी असाच वाघ लावून गॅसजवळ उभी असताना सिलिंडरवाले दादा आले. दार उघडलं, त्यांनी नीट बघितलं आणि म्हणाले, "ताई, मांजर छान काढलंय." त्या दिवशी कळलं की माझे पट्टे फार नाजूक जातायत.

घड्याळ लावा, मगच रेट सांगा

एक वही करा. तारीख, डिझाइन, किती मिनिटं लागली, काय चुकलं. फोनवर स्टॉपवॉच लावूनच बसायचं. बारा मिनिटांचा वाघ माझा साडेपाच मिनिटांवर यायला दीड महिना लागला. हात वेगात फिरला म्हणून नाही, ब्रश धुण्याच्या फेऱ्या कमी झाल्या म्हणून. सगळा फिका, मग सगळा गडद, शेवटी सगळा काळा असं काम केलं की ब्रश तीनदाच धुवावा लागतो.

आता हिशेब. समजा तुमचं डिझाइन पाच मिनिटांत होतं. मूल येऊन बसणं, "वाघ नको, स्पायडरमॅन" म्हणणं, आरसा दाखवणं यात दोन मिनिटं जातात. म्हणजे एका मुलामागे सात मिनिटं, तासाला आठ मुलं. तीस मुलं म्हणजे जवळजवळ चार तास. पार्टी तीन तासांची असेल तर सरळ सांगा, "सगळ्यांच्या गालावर छोटं डिझाइन करते, पूर्ण चेहरा फक्त वाढदिवसाच्या मुलाचा." किंवा मदतनीस घेऊन जा आणि तिचे पैसे कोटेशनमध्ये धरा. वहीतले आकडे नसतील तर तुम्ही रेट सांगत नाही, अंदाजपंचे सांगता. ते काय होतं ते मी वर सांगितलंच आहे.

काढणं आणि धुणं

रंग उतरवण्याचा सरावही स्वतःवरच. आधी खोबरेल तेल किंवा मॉइश्चरायझर लावून रंग सैल करा, मऊ कापडाने पुसा, मग साबण-पाणी, डोळ्याजवळ जपून. ओल्या वाइप्सने खसाखसा घासलं की गाल लाल होतो आणि आई म्हणते रंगाने रिॲक्शन आली. गडद निळा, हिरवा आणि लाल कधीकधी एखादा दिवस हलका डाग ठेवतात. तुमच्या किटमधले कोणते रंग असा डाग ठेवतात ते आधीच माहीत असेल तर शाळेच्या आदल्या दिवशी ते टाळता येतात.

स्वतःवर सराव करताना एकच स्पंज चालतो. इथे सैल सवय लागते, ती मोडा. पार्टीत प्रत्येक मुलाला धुतलेला वेगळा स्पंज, वापरलेला वेगळ्या पिशवीत. डोळे आलेले, तोंडावर फोड, पुरळ किंवा जखम असेल तर चेहरा रंगवायचा नाही, हातावर काहीतरी काढून द्या, मूलही खूश आणि आईलाही पटतं. तीन वर्षांच्या आतल्या मुलांचा चेहरा मी करतच नाही.

स्वतःवरच्या सरावाने एक गोष्ट मात्र येत नाही, ती म्हणजे हलणारं मूल. त्यासाठी महिन्याभराने शेजारपाजारच्या चार-पाच मुलांना बोलवा, त्यांच्या आयांना विचारून, फुकटात. फोटो वापरायची परवानगीही तेव्हाच घ्या. गुडघ्याने कधी "झालं का, झालं का" असं विचारलेलं नसतं, त्याची सवय तिथे होते.

पुढच्या व्हिडिओत फुलपाखराचे पंख एका फ्लॅट ब्रशवर दोन रंग घेऊन कसे काढायचे ते दाखवणार आहे. तोपर्यंत हातावरचा पिवळा-केशरी-लाल रोज करा आणि सातव्या दिवसाचा फोटो पहिल्या दिवसाच्या फोटोशेजारी ठेवून बघा. आणि हो, स्पंज साबणाने धुऊन उन्हात वाळवल्याशिवाय आणि रंगाचे केक पूर्ण सुकल्याशिवाय डबीचं झाकण लावू नका. माझा एक अख्खा पांढरा केक बुरशीने गेलाय.